जहाज उभं आहे, मग धूर कशाचा?

बडोदा स्टेशनवर ज्यांनी काही वर्षांपूर्वी राजधानीची वाट बघत प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून पाहिलंय त्यांना तो एक डबा नक्की आठवत असेल, ज्यात माणसं बसत नाहीत, खिडक्यांच्या जागी जाळ्या असतात आणि जो समोर येऊन थांबला की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. जनरेटरचा डबा. अख्ख्या गाडीचे एसी, दिवे, पॅन्ट्री सगळं त्या डिझेलवर चालायचं. मी तेव्हा कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकलला होतो आणि दर वेळी मान वर जायची, कारण त्याच डब्याच्या डोक्यावरून २५,००० व्होल्टची तार गेलेली असायची, गाडी ओढणारं इंजिन त्या तारेवर चालायचं आणि मागे एसी चालवायला मात्र डिझेल जाळायचं. पुढे रेल्वेने ते बदललं, आता बऱ्याचशा गाड्यांत इंजिनच वरच्या तारेतली वीज डब्यांना देतं आणि गाडी धुवायला यार्डात उभी असली की जमिनीवरून ७५० व्होल्टची केबल जोडतात. प्लॅटफॉर्मवर आता बोललेलं ऐकू येतं.

हे सगळं परत डोक्यात आलं ते माझ्या आतेभावामुळे. तो कंटेनरच्या जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे, यंदा बऱ्याच वर्षांनी गणपतीला घरी होता, दांडिया बाजारात. रात्री आरतीनंतर आम्ही मांडवाच्या मागच्या बाजूला उभे होतो, तिथे डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, धडधडत होता आणि तो म्हणाला, दादा, आमचं जहाज बंदराला लागलं की हेच, फक्त चोवीस तास.

मला खरंच माहीत नव्हतं. मी धरून चाललो होतो की जहाज धक्क्याला लागलं, दोर बांधले, इंजिन बंद, विषय संपला. तर मोठं इंजिन, जे जहाज ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवतं, ते बंद होतं हे खरं. पण त्याच्याशिवाय जहाजावर तीन-चार छोटी इंजिनं असतात, छोटी म्हणजे जहाजाच्या मानाने छोटी, आणि त्यातलं एखाद-दुसरं कायम चालू लागतं कारण त्यांच्यावर वीज बनते. उभ्या जहाजाला वीज कशाला? माणसं तिथेच राहतात, स्वयंपाक तिथेच होतो, इंजिन रूमचे मोठे ब्लोअर आहेत, माल चढला-उतरला की जहाज तिरकं होऊ नये म्हणून समुद्राचं पाणी टाक्यांमध्ये आत-बाहेर करणारे बॅलास्ट पंप आहेत, आणि सगळ्यात जास्त खाणारे म्हणजे रीफर, मासे, फळं, औषधं भरलेले थंड कंटेनर, एकेक म्हणजे एक मोठा फ्रिजच, आणि असे शेकडो. मध्यम आकाराचं कंटेनर जहाज उभ्या उभ्या एक-दोन मेगावॉट सहज घेतं. प्रवासी क्रूझ जहाज तर दहा मेगावॉटच्या घरात जातं, ते पाण्यावरचं एक गावच असतं.

दोन मेगावॉट धरून हिशोब करून बघा. तासाला २,००० युनिट, म्हणजे एका दिवसात ४८,००० युनिट झाले. जहाजाच्या जनरेटरला एका युनिटमागे साधारण २१० ग्रॅम तेल लागतं, म्हणजे दिवसाला दहा टन. एका जहाजाचं, एका दिवसाचं, ते सुद्धा एका जागी उभं असताना. त्यातून ३२ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड अर्धा टन तरी.

आणि तेल कुठलं? आपल्या पंपावर मिळणाऱ्या बीएस सिक्स डिझेलमध्ये सल्फरची मर्यादा दहा पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. जहाजांच्या तेलाला जगभर जी मर्यादा आहे ती ०.५ टक्के, म्हणजे ५,००० पीपीएम, आपल्या स्कूटर-गाडीच्या इंधनाच्या पाचशे पट, आणि ही सुद्धा २०२० नंतरची सुधारलेली गोष्ट आहे, त्याच्या आधी ३.५ टक्के चालायचं. युरोपमध्ये धक्क्याला उभ्या जहाजाला ०.१ टक्क्यापेक्षा जास्त सल्फरचं तेल जाळता येत नाही, पण सगळीकडे तसं नाही. हा धूर जातो कुठे तर धक्क्यावर काम करणाऱ्या हमालाच्या, क्रेन ऑपरेटरच्या, बाहेर रांगेत ट्रक लावून बसलेल्या ड्रायव्हरच्या आणि बंदराला लागून असलेल्या वस्तीतल्या पोरांच्या छातीत. भर समुद्रात तो निदान पसरून तरी जातो, बंदर म्हणजे नेमकी अशी जागा जिथे जहाज दिवसेंदिवस उभं राहतं आणि आजूबाजूला माणसंच माणसं असतात.

उपाय ऐकायला एकदम सोपा आहे. किनाऱ्यावरून वायर टाका, जहाजाला लाईन द्या, जनरेटर बंद करा. याला शोर पॉवर म्हणतात, आणि जुनं नाव आहे कोल्ड आयर्निंग. कोळशाच्या जहाजांच्या काळात बंदरात आलं की भट्टीत कोळसा टाकणं थांबवायचे आणि लोखंडी इंजिन हळूहळू थंड पडायचं, म्हणून लोखंड थंड करणं. नाव तेव्हापासून टिकलंय. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराने २००० साली मालवाहू जहाजांना हाय व्होल्टेज लाईन दिली, २००१ मध्ये अलास्कातल्या जुनो या गावाने क्रूझ जहाजांना दिली, २००४ मध्ये लॉस एंजेलिसने कंटेनर जहाजांना. मग कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये नियमच केला, २०१४ पासून तो लागू झाला आणि तिकडे नेहमी जाणाऱ्या कंपन्यांना जहाजात सॉकेट बसवून घ्यावंच लागलं.

मी भावाला विचारलं, यात एवढं काय आहे, आमच्या मकरपुरा जीआयडीसीत एखाद्या फॅक्टरीला दोन मेगावॉटचं कनेक्शन ही रोजची गोष्ट आहे. तो म्हणाला, फॅक्टरी हलत नाही ना. आणि मग त्याने जे सांगितलं ते इलेक्ट्रिकलच्या माणसाला रात्री दोनपर्यंत जागं ठेवेल असं होतं.

पहिलं म्हणजे फ्रिक्वेन्सी, वीज सेकंदाला किती वेळा हेलकावे घेते ते. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झ, जगातली बहुतेक मोठी जहाजं ६० हर्ट्झची. ६० वर तयार झालेली चार पोलची मोटर मिनिटाला १,८०० फेऱ्यांच्या हिशोबाने चालते, तिला ५० दिले तर १,५०० च्या वर जाणार नाही, पंप पाणी कमी उचलेल, ब्लोअर हवा कमी फेकेल. बरं, नुसतं हळू फिरून भागत असतं तरी चाललं असतं, पण व्होल्टेज तेवढंच ठेवून फ्रिक्वेन्सी खाली आणली की मोटरच्या आतलं लोखंड चुंबकत्वाने भरून जातं, त्याला अजून काही घेता येत नाही, करंट वाढत जातो आणि मोटर तापते. म्हणून ५० हर्ट्झच्या देशात बंदरावर आधी कन्व्हर्टर लागतो. आलेल्या एसीचं, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं, डीसी म्हणजे एकाच दिशेच्या विजेत रूपांतर करायचं आणि त्या डीसीतून परत ६० हर्ट्झचं एसी कापून काढायचं. घरातल्या इन्व्हर्टर एअर कंडिशनरमध्ये किंवा फॅक्टरीतल्या ड्राइव्हमध्ये जे होतं तेच, फक्त इथे सगळं मेगावॉटमध्ये, एखाद्या खोलीएवढी कपाटं लागतात आणि धक्क्यावरच्या खर्चातला मोठा भाग इथेच जातो. विमानतळावरही असंच आहे, उभ्या विमानाला जमिनीवरून वीज देतात ती ४०० हर्ट्झची.

दुसरं व्होल्टेज. ४४० व्होल्टवर दोन मेगावॉट द्यायचे तर तीन हजार अँपिअरच्या वर करंट होतो. घरातला मेन स्विच आठवा, तो ६३ अँपिअरचा असला तरी आपण म्हणतो चांगला दणकट आहे. तीन हजारासाठी मनगटाएवढ्या केबल्स किती ओढणार आणि दर वेळी कोण जोडणार? तेच ६,६०० व्होल्टवर दिलं तर सव्वादोनशे अँपिअरच्या आत येतं, एक-दोन केबल्समध्ये काम होतं. म्हणून २०१२ मध्ये जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं त्यात ६.६ आणि ११ किलोव्होल्ट ठरवले, प्लग कसा असावा तेही ठरवलं. ते झालं हे फार बरं झालं, नाहीतर प्रत्येक बंदराचा प्लग वेगळा राहिला असता.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते तिसरं, भरती-ओहोटी. आपण बडोद्याचे लोक म्हणतो आपल्याला समुद्र नाही, तसं बडोदा संस्थानाकडे सौराष्ट्राच्या टोकाचं ओखामंडळ होतं आणि ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्याच काळात उभं राहिलं, पण शहराजवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. तिथली भरती म्हणजे साधी गोष्ट नाही, भावनगरकडे पाणी दहा मीटरच्या आसपास वर-खाली होतं, तीन मजले! जहाज पाण्याबरोबर वर जातं, माल उतरला की अजून वर येतं, आणि आपली ६,६०० व्होल्टची केबल एका टोकाला किनाऱ्याला आणि दुसऱ्या टोकाला त्याला बांधलेली. म्हणून केबल मोठ्या रीळवर गुंडाळलेली असते, ते रीळ आपोआप सैल सोडतं, आपोआप ओढून घेतं, ताण ठरल्यापेक्षा वाढला तर आधी अलार्म आणि मग ब्रेकर ट्रिप. प्लगमध्ये मोठ्या पिनांशिवाय एक बारीक पायलट वायर असते, ती सगळ्यात आधी सुटते, म्हणजे कोणी चुकून किंवा दोर तुटून प्लग निघायला लागला तर मोठ्या पिना सुटायच्या आत लाईन बंद झालेली असते. ज्याने कोणी हे डोकं लावलं असेल त्याला मनापासून नमस्कार.

मग जोडणी. जहाजावर लाईट घालवून परत आणणं कोणाला परवडत नाही, कंप्युटर आहेत, रीफर आहेत. म्हणून जहाजाचा जनरेटर चालू ठेवूनच किनाऱ्याची लाईन त्याला समांतर जोडायची. दोन्हीकडचं व्होल्टेज एक, फ्रिक्वेन्सी एक, फेजचा क्रम एक, आणि दोन्ही लाटा एकाच क्षणी वर जायला हव्यात. पॅनलवर दोन्ही लाटांतला फरक दाखवणारा एक काटा गोल फिरत असतो, तो हळू होत होत बारावर आला की ब्रेकर टाकायचा. कलाभवनच्या लॅबमध्ये आम्ही हेच तीन बल्ब लावून करायचो, तिन्ही एकदम विझले की स्विच, आणि चुकलं की मशीन जो आवाज करायचं तो अजून कानात आहे. आता हे काम कंट्रोलर स्वतः करतो, पण भाऊ म्हणतो काट्याकडे बघितल्याशिवाय राहवत नाही. जोडल्यावर लोड हळूहळू जनरेटरवरून किनाऱ्यावर सरकवायचा आणि मग जनरेटर बंद. लॉस एंजेलिसला त्याने पहिल्यांदा हे केलं तेव्हा इंजिन रूम अगदी शांत झाली असं नाही, ब्लोअर चालूच होते, पण पायाखालच्या पत्र्याचा थरथराट थांबला आणि त्याला वाटलं काहीतरी बिघडलं, इतकी महिनोन्महिने त्या थरथराटाची सवय झालेली.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण याबद्दल लिहिणारे बरेच जण ती गाळून टाकतात. वर काढलेला ३२ टन कार्बन डायऑक्साइडचा आकडा घ्या आणि तेच ४८,००० युनिट आपल्या ग्रिडमधून घ्या. भारतात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. गुणाकार केला की ३३-३४ टन येतात, वर कन्व्हर्टरमधला लॉस. म्हणजे हवामान बदलाच्या हिशोबात आज आपल्याकडे प्लग लावून जवळजवळ काहीच कमी होत नाही! नॉर्वे-स्वीडनमध्ये पाण्यावरची वीज आहे, त्यांचा फायदा खरा आहे, त्यांचे आकडे उचलून आपल्या बंदराला चिकटवता येत नाहीत.

तरीही मी म्हणेन की हे करायलाच हवं. बंदराच्या वस्तीतल्या माणसाला ग्रिडची सरासरी कळत नाही, त्याला नाकासमोरचा धूर कळतो, आणि तो धूर प्लग लावला त्या मिनिटाला थांबतो. कोळशाच्या केंद्रातूनही सल्फर निघतंच, पण ते उंच चिमणीतून आणि एका ठिकाणी, तिथे ते गाळायची यंत्रणा बसवता येते, हजारो जहाजांच्या हजारो धुराड्यांना ती कोण बसवणार. आणि ग्रिड बदलतोय. आपल्या शहराबाहेर नर्मदेच्या कालव्यावर २०१५ मध्ये दहा मेगावॉटचं सोलर बसलं, ते कालव्यावर पसरलेले पॅनल बघितले की मला हाच हिशोब आठवतो, भर दुपारी रीफरची पाच जहाजं त्यावर उभी राहतील. जहाजाचा जनरेटर जन्मभर तेलच पिणार, वायर मात्र तीच राहून तिच्यातली वीज दर वर्षी थोडी स्वच्छ होऊ शकते.

सगळं तरी सुटत नाही म्हणा. जहाजावर तेल गरम ठेवायला बॉयलर लागतो तो प्लग लावूनही जळतच राहतो, आणि टँकर जहाजांचे तेल उपसणारे पंप बऱ्याचदा वाफेवर चालतात, त्यांचं दुखणं वेगळं आहे.

खरी अडकलेली गाडी पैशाची आहे. बंदर म्हणतं जहाजांना सॉकेटच नाही, आम्ही कोट्यवधी घालून कन्व्हर्टर कोणासाठी लावू, जहाजवाले म्हणतात बंदरात प्लगच नाही, आम्ही सॉकेट कशाला बसवू. त्यात विजेचा दर तेलापेक्षा महाग पडला तर कॅप्टन जनरेटरच चालवणार, त्याला दोष देता येत नाही. नियमाशिवाय हे सुटलेलं कुठे दिसत नाही, कॅलिफोर्नियात नियमानेच झालं आणि युरोपमध्येही २०३० पासून मोठ्या बंदरांत मोठ्या कंटेनर आणि प्रवासी जहाजांना प्लग लावणं बंधनकारक होतंय. आपल्याकडे केंद्राची हरित सागर मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली, त्यात शोर पॉवर आहे, पण सुरुवात टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटी, आणि बंदराच्या स्वतःच्या छोट्या बोटींपासून आहे, मोठ्या जहाजांचं काम अजून पुढे आहे. मला वाईट याचंच वाटतं की लागणारं सामान, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, पॅनल, यातलं कितीतरी आपल्या बडोद्यात बनतं आणि मकरपुऱ्याच्या रस्त्यावर ट्रेलरवर चढलेलं रोज दिसतं.

जाताना भावाने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. जहाजाच्या कडेला, पाण्यापासून बऱ्याच उंचीवर एक लोखंडी दार, आत सॉकेट, बाजूला केबलचं रीळ, सगळं स्वच्छ पुसलेलं. महिन्यातून एकदा तो स्वतः ते उघडून बघतो, सील तपासतो, बिजागऱ्यांना ग्रीस लावतो. गेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये केबल बाहेर पडली ती दोनदा, दोन्ही वेळा परदेशात. मुंद्र्याला आणि न्हावा शेवाला ते दार बंदच राहिलं.