एक घर, एक कुत्रा : बीजिंगचे श्वानपालन नियम

चीनच्या अनेक मोठ्या शहरांत एका कुटुंबाला एकच कुत्रा पाळता येतो. हे नियम प्रत्येक शहर आपापले करते. ग्वांगझूने 2009 मध्ये, तर शांघायने 2011 मध्ये ही मर्यादा लागू केली; बीजिंगचे नियम त्याहून जुने आणि सर्वांत वादग्रस्त.

माओच्या राजवटीत शहरात कुत्रा पाळणे ही भांडवलदारी चैन समजली जाई. बीजिंगमध्ये 1995 पासून लहान कुत्र्यांना परवाना मिळू लागला, पण पहिल्या वर्षाचे शुल्क होते 5,000 युआन आणि पुढे दरवर्षी 2,000. सामान्य नोकरदाराला हे झेपणारे नव्हतेच. साहजिकच लोक कुत्री लपवून पाळू लागले. 15 ऑक्टोबर 2003 पासून नवे नियम आले आणि शुल्क 1,000 व 500 युआनवर आले.

या नियमांनुसार शहराच्या मध्यवर्ती भागांत घरटी एकच कुत्रा, तोही खांद्यापर्यंत 35 सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेला. नोंदणी पोलिसांकडे करायची. कुत्र्याला बाहेर नेताना पट्टा मोठ्या माणसाच्या हाती हवा. वाटेत वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि मुले दिसली की बाजूला व्हायचे. लिफ्टमध्ये गर्दीच्या वेळी न्यायचे नाही, आणि नेलेच तर मुसके बांधून किंवा पिशवीत, पिंजऱ्यात घालून. मनाई असलेला मोठा कुत्रा सापडला तर तो जप्त होतो आणि 5,000 युआन दंड बसतो. नसबंदी केलेल्या कुत्र्याचे पहिल्या वर्षाचे शुल्क निम्मे, हलाखीत जगणाऱ्या एकाकी वृद्धांनाही तीच सवलत. अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्याला शुल्कच नाही. ही सवलतीची कलमे या नियमांतला सर्वांत शहाणा भाग आहे.

उंचीची अट मात्र समर्थनीय वाटत नाही. शांत स्वभावाचा लॅब्रेडॉर त्यामुळे बेकायदा ठरतो आणि चावरा पण बुटका कुत्रा सहज परवाना मिळवतो. रेबीजला आळा हे नियमांमागचे मोठे कारण. पण जप्तीच्या भीतीने ज्याची नोंदच होत नाही, त्या कुत्र्याला लस टोचली की नाही हे प्रशासनाला कळणार कसे?

2006 मध्ये चीनमध्ये रेबीजचे बळी वाढले. युन्नान प्रांतातील मोउडिंग तालुक्यात सुमारे 50,000 कुत्री मारण्यात आली. बीजिंगमध्येही धरपकड सुरू झाली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये प्राणिसंग्रहालयाजवळ शेकडो श्वानपालक निषेधासाठी जमले. तिथे असे जाहीर आंदोलन क्वचितच होते. 2013 मध्ये मोठ्या कुत्र्यांविरुद्ध पुन्हा मोहीम निघाली.

भारतात बंगळुरू महापालिकेने 2018 मध्ये फ्लॅटसाठी एक आणि स्वतंत्र घरासाठी तीन कुत्र्यांची मर्यादा आणली होती. प्राणिप्रेमींच्या विरोधामुळे ती स्थगित करावी लागली. गृहनिर्माण सोसायट्यांबाबत भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार मुंबई-पुण्यातली सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही. लहान कुत्रा चालेल, मोठा नको, असा भेदही तिला करता येत नाही.