संकोचला की ओशाळला?

मालिकांत, अनुवादांत, एरवी चांगल्या असलेल्या कथांतही हे वाक्य भेटतं: 'पाहुणचाराला गेल्यावर दुसरी पोळी मागायला तो ओशाळला.' नाही हो, तो संकोचला. पोळी अजून मागितलेलीच नाही, मग ओशाळण्यासारखं झालंय काय?

संकोच आपल्या ओळखीचा. 'आकुंचन'मधला 'कुच्' धातूच त्यात आहे. माणूस आतल्या आत आक्रसतो, हात मागे घेतो, 'नको, पोट भरलं' म्हणतो. त्याचं चुकलेलं काहीच नसतं.

ओशाळायला मात्र आधी काहीतरी चुकावं लागतं आणि ते चारचौघांत उघडं पडावं लागतं. रात्रीच्या बसमध्ये एक मुलगा चढतो. 'आजोबा, ही माझी सीट आहे,' म्हणतो, जरा चढ्या आवाजातच. आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठू लागतात, पिशवी काखेत घेतात. तेवढ्यात कंडक्टर तिकीट बघतो. 'अहो, हे उद्याचं आहे.' मुलाची नजर खाली जाते, ओठांवर कसंनुसं हसू येतं. हे ओशाळणं. आजोबा चिडले असते तर तो कदाचित उलट बोललाही असता. पण ते म्हणतात, 'असू दे रे बाळा, होतं असं.' आणि तो आणखीच ओशाळतो.

माझ्या मते खरी खूण इथेच आहे. 'घ्या हो, घर आपलंच आहे,' एवढ्या शब्दांनी संकोच गळून पडतो. ओशाळणं मात्र समोरच्याच्या चांगुलपणानं वाढतं. 'मी कुणाचा ओशाळा नाही' यातला 'ओशाळा' म्हणजे मिंधा, उपकाराखाली दबलेला. ते दडपण ओशाळण्यातही आहेच.

'खजील' अरबीतून फारसीमार्गे आलेला, ओशाळण्याच्या अगदी जवळचा. अदलाबदल केली तरी माझी हरकत नाही. तावातावानं बोलणारा नरमला की तो वरमला. आणि बसमधल्या त्या मुलाला कृपा करून 'लाजला' म्हणू नका, ते लग्न ठरलेल्यांसाठी ठेवा.

मला सर्वांत जास्त खटकतं ते 'ऑकवर्ड झालं'. परवा मैत्रीण सांगत होती, 'त्यांच्याकडे मला फार ऑकवर्ड झालं.' शेवटी मला विचारावंच लागलं, 'म्हणजे तुझं काही चुकलं, की नुसतीच अवघडून बसलीस?'