गाडी लागली की गाडी लागते?

चिपळूणच्या एसटी स्टँडवर एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. खिडकीशी जाऊन त्यांनी विचारलं, "कराडची गाडी लागली का हो?" मग नातवाकडे वळून म्हणाल्या, "आवळासुपारी तोंडात ठेव. कुंभार्ली घाट लागला की तुला गाडी लागते." त्यावर नातू म्हणाला, "आजी, अजून किती वेळ लागेल?"

एवढ्याशा बोलण्यात 'लागणे' चारदा आलं आणि चारही वेळा अर्थ निराळा. गाडी फलाटावर येऊन उभी राहते तीही लागते आणि पोटात ढवळून येतं तेव्हाही गाडीच लागते. तरी तिथलं कुणीही अडखळलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून या क्रियापदाचा नाद लागला.

शब्द आणि त्यांचे अर्थ यांचा अभ्यास करणारं शास्त्र म्हणजे शब्दविज्ञान. त्यातला एक मूलभूत प्रश्न असा, की 'लागणे' हा अनेक अर्थांचा एकच शब्द आहे की सारखे दिसणारे अनेक शब्द? 'तीर' घ्या. नदीचं तीर संस्कृतातून आलं, धनुष्याचा तीर फारसीतून. दोघांची गाठ मराठीत योगायोगानं पडली. कोशात त्यांना दोन वेगळ्या नोंदी द्याव्या लागतात. 'लागणे'चं तसं नाही. त्याच्या सगळ्या अर्थांमधून एक धागा जातो आणि तो हाती यायला स्वयंपाकघरात जावं लागतं.

खीर ढवळायची राहिली की खाली लागते. पातेल्याच्या बुडाला चिकटलेला तो करपट थर म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणं, टेकणं. प्राकृतात त्याचं 'लग्ग' झालं आणि मराठीत 'लाग'. चिकटण्यातून स्पर्श आला: दगडाची ठेच लागते, विहीर खणताना पाणी लागतं, झाडाला फणस लागतात. स्पर्शातून संबंध आला: ती माझी मावशी लागते. जिभेला स्पर्श झाला की आंबा गोड लागतो. पुढे ज्याला हात लावता येत नाही तेही लागू लागलं. भूक, तहान, वेड, सवय, दृष्ट. 'मला भूक लागली' या वाक्यात मी काहीच करत नाही. भूक कुठूनशी येते आणि मला चिकटते. मराठी माणूस असल्या अनुभवांकडे कसं पाहतो, ते या वाक्याच्या बांधणीतच दिसतं.

शेवटच्या टप्प्यावर तर शब्दाचा स्वतःचा अर्थ जवळजवळ विरून जातो. 'जावं लागतं' यात चिकटणं कुठे आहे? उरते ती फक्त सक्ती. 'मूल रडू लागलं' यात उरते फक्त सुरुवात. भरीव अर्थाचा शब्द झिजत झिजत व्याकरणाचा खिळा होतो, या प्रक्रियेला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यानं 1912 साली नाव दिलं. आपण तिला व्याकरणीकरण म्हणू. हिंदीचं 'लगना' याच मुळातलं, पण त्यानं वाट वेगळी धरली. हिंदीत 'मुझे लगता है' म्हणतात, तिथे मराठीनं 'वाटणे' वापरलं. आपण 'जावं लागतं' म्हणतो, तिथे हिंदीत 'जाना पड़ता है'.

मला यातली सगळ्यात सुंदर जोडी वाटते ती 'लग्न लागलं' ही. क्षितिजाला टेकलेली, म्हणजे उगवती रास, ते ज्योतिषातलं लग्न. त्यावरून मुहूर्त, मुहूर्तावरून विवाह. म्हणजे 'लग्न' आणि 'लागलं' ही एकाच धातूची लेकरं. एक संस्कृतातून जसंच्या तसं आलं, दुसरं प्राकृतात झिजून आलं, आणि दोघं मांडवात शेजारी उभी राहिली.

पण मूळ सापडलं म्हणजे अर्थ सापडला, असं समजू नये. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, हा वाद फार जुन्या काळीच आलेला आहे. सगळी नामं धातूंपासून झाली, असं शाकटायन या वैयाकरणाचं मत. गार्ग्याला ते मान्य नव्हतं. रस्ता आक्रमतो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणायचं, तर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावं लागेल, हा त्याचा आक्षेप. यास्कानं या आक्षेपांना उत्तरं दिली आहेत, तरी गार्ग्याचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

मग अर्थ ठरतो कशानं? संगतीनं. शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 साली लिहिलं. 'गाडी' आणि 'फलाट' एकत्र आले की एक अर्थ, 'गाडी' आणि 'मला' एकत्र आले की दुसरा. आपल्या मेंदूला या गुंत्याचा त्रास होत असेल असं वाटतं, पण 2002 साली जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी शब्दांवर केलेले प्रयोग वेगळंच सांगतात. पडद्यावरचा शब्द खरा की बनावट, हे लोकांनी पटकन ओळखायचं होतं. 'तीर'सारखे असंबद्ध अर्थांचे शब्द ओळखायला वेळ लागला; 'लागणे'सारखे एकमेकांशी नातं असलेल्या अर्थांचे शब्द उलट लवकर ओळखले गेले.

जास्त वापरातल्या शब्दांना अर्थही जास्त असतात, हे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिप्फ यानं 1945 साली दाखवलं. इंग्रजीतल्या 'रन' या साध्या क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 645 अर्थ नोंदवले. त्या एका शब्दावर एक संपादक सुमारे नऊ महिने बसला होता. मराठीत असं काम पंडितांना हाताशी धरून मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानं केलं. त्याचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, आणि 1857 च्या आवृत्तीत शब्द 60,000 च्या आसपास गेले. पुढे दाते-कर्वे मंडळींचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात आला. संगणक नव्हता, प्रत्येक अर्थ माणसानं वाचून, ऐकून, पारखून लिहिलेला. मला या लोकांबद्दल अपार आदर आहे.

अर्थात मोल्सवर्थच्या 'लागणे'मध्ये आजचा एक अर्थ असणं शक्यच नव्हतं. कराडची गाडी घाटात शिरली तेव्हा आजींनी घरी कळवायला मोबाइल कानाला लावला, थोडा वेळ थांबल्या आणि तो पिशवीत ठेवत म्हणाल्या, "लागत नाही."