रेशनच्या धान्याची चोरी (मुंबई)

स्वस्त धान्य दुकानांसाठी सरकारी गोदामातून निघालेला गहू-तांदूळ कार्डधारकापर्यंत पोहोचू न देता खुल्या बाजारात विकणे. सरकारी कागदांत याला ‘अपहार’ किंवा ‘काळाबाजार’ म्हणतात. वस्तीत मात्र सरळ ‘रेशनचा माल बाहेर गेला’ असे म्हटले जाते.

मुंबईत शिधावाटप १९४३ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत सुरू झाले. पुढे भारतीय अन्न महामंडळ (१९६५) आले, महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी शिधापत्रिका आली आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, तर अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. कायद्यातला दर तांदळाला ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये किलो होता. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. बाजारात त्याच तांदळाला मिळणारा भाव हीच या चोरीमागची सारी कमाई.

या चोरीत कुलूप क्वचितच फुटते. ट्रक गोदामातून रीतसर कागदपत्रांनिशी सुटतो, पण दुकानात कमी गोण्या उतरतात. सरकारी छापाच्या गोणीतला माल साध्या गोणीत भरला की तो कोणाचा हे ओळखणे जवळजवळ अशक्य होते. दुकानात काटा मारला जातो, पाच किलोचे साडेचार होतात. मृत किंवा स्थलांतरित माणसांच्या नावावरचे धान्य उचलले जाते. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे ‘माल आलाच नाही’ हे उत्तर. कामाचा खाडा करून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला ते पडताळून पाहता यावे, म्हणून दुकानाबाहेर साठ्याचा फलक लावण्याचा नियम आहे. तो फलक कोरा असेल तर तिथेच विचारणा व्हायला हवी.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी देशभरातील गळतीचा, म्हणजे गोदामातून निघूनही कार्डधारकापर्यंत न पोहोचलेल्या धान्याचा अंदाज बांधला. तो २००४-०५ साठी सुमारे ५४ टक्के आणि २०११-१२ साठी सुमारे ४२ टक्के होता. पुढे दुकानातल्या ई-पॉस, म्हणजे बोटाच्या ठशावरून कार्डधारक ओळखणाऱ्या यंत्रावर अंगठा लावणे आले. त्याने बनावट कार्डांना आळा बसतो, पण कमी वजनाला बसत नाही. उलट धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचाच अंगठा यंत्र नाकारते.

जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९८० च्या काळाबाजार प्रतिबंधक कायद्याने सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता करता येते.

मुंबईच्या बायकांनी कायद्याची वाट पाहिली नाही, हेही नोंदवायला हवे. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले आणि साठेबाजांना घेराव घातले. त्या मोर्चांत गिरणगावातल्या चाळींपासून उपनगरांपर्यंतच्या गृहिणी होत्या, आणि त्यांतल्या अनेक जणी आयुष्यात पहिल्यांदाच रस्त्यावर उतरल्या होत्या.