गुळवेलीचं सेवन: सुरक्षितता आणि धोके

गुळवेल (शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) म्हणजे हिंदीतली गिलोय, आयुर्वेदातली गुडूची किंवा अमृता. हृदयाच्या आकाराची पानं असलेली ही वेल, औषधात मुख्यतः तिचं खोड वापरतात, आणि कडुनिंबावर चढलेली सगळ्यात गुणकारी असं आपल्याकडे पूर्वापार सांगतात. ताप, मधुमेह, संधिवात अशा कशाकशासाठी काढा, रस, सत्त्व, घनवटी (काढा आटवून केलेली गोळी) या रूपात ती दिली जाते.

हे सगळं जुनंच आहे, पण काही झालेलं नसताना अख्ख्या घराने रोज उपाशीपोटी महिनोन्महिने काढा प्यायचा ही पद्धत खरी पसरली ती कोविडमध्ये. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने कोविडसाठी जो प्रोटोकॉल काढला त्यात गुडूची घनवटी होती, पण लोकांनी डोस, मुदत काही न बघता इम्युनिटीच्या नावाखाली जमेल तसं उकळून प्यायला सुरुवात केली, आणि धोक्याचा प्रश्न नेमका इथूनच पुढे आला.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटची नोंद छापली, मग २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ पेशंटचा अभ्यास आला. चित्र साधारण सारखंच: भूक मरते, मळमळ, प्रचंड थकवा, लघवी गडद पिवळी, मग डोळे पिवळे, आणि रक्त तपासलं की एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) खूप वाढलेले. बऱ्याच जणांची कावीळ ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी दिसत होती, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तो आजार. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते म्हणूनच तर लोक ती घेतात ना, पण ज्याच्या शरीरात असा आजार आधीच दबा धरून बसलाय (आणि त्याला बिचाऱ्याला ते माहीतही नसतं) त्याच्यासाठी तोच गुण घातक ठरू शकतो असं डॉक्टरांचं म्हणणं. थायरॉइडचा ऑटोइम्यून त्रास, ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते तो आजार), ऑटोइम्यून प्रकारचा संधिवात असलेल्यांनी म्हणूनच जास्त जपायला हवं.

आयुष मंत्रालयाला हे मान्य नव्हतं. गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीशी गल्लत झाली असावी, असं त्यांनी म्हटलं. ती दुसरी म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पा, आणि ती लिव्हरला त्रास देते हे आधीपासून माहीत आहे. फरक खोडावर कळतो, गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर गाठी नाहीत आणि कापलं तर दुधासारखा चीक येत नाही, क्रिस्पाचं मात्र करडं, गाठीगाठींचं आणि चीक येणारं. पण वाळलेले तुकडे किंवा पावडर हातात आल्यावर हे कोण आणि कसं ओळखणार? आणि गल्लतीने सगळ्याच केसेसचा उलगडा होतो असंही वाटत नाही, त्यातला ऑटोइम्यून भाग उरतोच.

गुळवेल साखर कमी करते, त्यामुळे डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना वरून काढा घेतला तर साखर एकदम उतरू शकते. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांच्या औषधांचं काम प्रतिकारशक्ती दाबून ठेवणं असतं, त्यांच्यासाठी ही वेल नेमकी उलट्या दिशेने ओढते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

लक्षणं दिसली तर आधी काढा बंद करायचा आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करायची. बहुतेकांचं लिव्हर काही आठवडे-महिन्यांत पूर्ववत होतं, काहींना स्टिरॉइड द्यावे लागतात, पण ज्यांना आधीच सिरोसिस (लिव्हर कायमचं खराब होऊन कडक होणं) आहे त्यांची तब्येत फार गंभीर होऊ शकते. डॉक्टर "कुठली औषधं घेता" विचारतात तेव्हा काढा कोणी सांगतच नाही कारण ते औषध वाटतच नाही, आणि मग हिपॅटायटिस ए, बी, सी, ई अशा एकामागून एक टेस्ट होत राहतात आणि घरी काढा मात्र चालूच असतो.