ब्लॅक सॅबथ : गायकांनुसार कालखंड व त्यांविषयीचा वाद

ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅम (इंग्लंड) येथील हेवी मेटल बँडच्या अल्बमांची मुख्य गायकानुसार केली जाणारी कालविभागणी आणि त्यांतील कोणता काळ श्रेष्ठ, किंबहुना कोणता ‘खरा’, याविषयी चाहत्यांमध्ये साधारणतः १९८० पासून चालत आलेला वाद. बँडचे १९ स्टुडिओ अल्बम १९७० ते २०१३ या काळात निघाले. त्यांपैकी ९ ऑझी ऑसबर्न यांच्या आवाजात, ५ टोनी मार्टिन यांच्या, ३ रॉनी जेम्स डिओ यांच्या आणि प्रत्येकी एक इअन गिलन व ग्लेन ह्यूज यांच्या आवाजात आहे. गिटारवादक टोनी आयोमी मात्र एकोणिसांच्या एकोणीस अल्बमांत आहेत. वादाचे मूळ या आकड्यांतच आहे : बँडचे नाव गायकामागे जाते की गिटारमागे?

ऑझीपक्षाचा आधार ‘ब्लॅक सॅबथ’ व ‘पॅरानॉइड’ (दोन्ही १९७०) ते ‘सॅबोटाज’ (१९७५) हे सहा अल्बम. आयोमी, बासवादक गीझर बटलर, ड्रमवादक बिल वॉर्ड आणि ऑसबर्न हे मूळ चौघेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले. पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेले आयोमी ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’पासून (१९७१) अनेक गाण्यांत तारा तीन अर्धस्वर उतरवून वाजवू लागले आणि बँडचा जड नाद पक्का झाला. या गाण्यांत आवाज बहुधा रिफच्याच (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीच्या) वाटेने जातो. ‘आयर्न मॅन’मध्ये गायक व गिटार जवळजवळ एकच सुरावट घेतात. शब्द प्रामुख्याने बटलर यांचे. म्हणजे ऑझींचे योगदान शब्दांत नव्हे, तर स्वरात आणि त्या स्वरातल्या भेदरलेपणात आहे. विरोधक यालाच मर्यादा म्हणतात.

या काळातही सगळे गायन ऑझींचे नाही. ‘इट्स ऑलराइट’ (१९७६) आणि ‘स्विंगिंग द चेन’ (१९७८) ही गाणी वॉर्ड यांनी गायली. त्यावरूनच बहुधा ‘सॉलिट्यूड’ (१९७१) हेही वॉर्ड यांचेच, असा समज पसरला व बराच काळ टिकला. तेथे स्वर नेहमीपेक्षा मऊ आहे, आयोमी बासरीही वाजवतात, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. परंतु गायन ऑझींचेच आहे.

ऑझींना एप्रिल १९७९ मध्ये काढल्यानंतर डिओ आले. ‘हेवन अँड हेल’ (१९८०) व ‘मॉब रूल्स’ (१९८१) या अल्बमांत गायक रिफचा माग सोडून त्याच्यावर स्वतंत्र सुरावट रचतो. आयोमींनाही त्यामुळे स्वरसंगतीला अधिक जागा देता आली. डिओ शब्दही स्वतः लिहीत. त्यामुळे ‘तो बँडच वेगळा’ हे ऑझीपक्षाचे म्हणणे आणि ‘बँड पहिल्यांदा मोठा झाला’ हे डिओपक्षाचे म्हणणे एकाच निरीक्षणावर उभे आहे. ‘लाइव्ह इव्हिल’ या थेट मैफलीच्या अल्बमाच्या ध्वनिमिश्रणावरून १९८२ मध्ये फूट पडली. डिओ गायनाची पातळी गुपचूप वाढवतात असा संशय होता. त्यांनी तो नाकारला. आवाज मोठा की गिटार, हा चाहत्यांचा प्रश्न येथे मिश्रणाच्या टेबलावरच उभा राहिला होता, हे नमूद करायला हवे.

गिलन यांचा ‘बॉर्न अगेन’ (१९८३) ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. त्यावरची टीका बरीचशी गायकावर नसून गढूळ ध्वनिमिश्रणावर आहे. मूळ चौघांपैकी तिघे त्यात वाजवतात. केवळ मूळ सदस्य मोजायचे, तर हा अल्बम ‘हेवन अँड हेल’च्या तोडीचा ‘खरा’ ठरतो. मोजणीचा निकष किती अपुरा आहे हे त्यावरून दिसते.

‘सेव्हन्थ स्टार’ (१९८६) मोजावा की नाही, हा वेगळा मुद्दा. आयोमींचा स्वतंत्र अल्बम म्हणून तो सुरू झाला, ह्यूज गायले, आणि प्रकाशनाच्या वेळी मुखपृष्ठावर बँडचे नाव आयोमींच्या नावासह छापले गेले. काही जण त्यामुळे १८ हाच आकडा धरतात. मुखपृष्ठावरील नाव प्रमाण मानणे अधिक सोयीचे दिसते. येथे तसेच केले आहे. दौऱ्यात काही कार्यक्रमांनंतर ह्यूज यांच्या जागी रे गिलेन (इअन गिलन नव्हेत) आले. ‘द इटर्नल आयडॉल’ (१९८७) गिलेन यांच्या आवाजात मुद्रित होत होता, पण ते गेले आणि टोनी मार्टिन यांनी गायन नव्याने केले. गिलेन यांची आवृत्ती २०१० च्या विस्तारित संचात प्रसिद्ध झाल्यावर एकाच अल्बमाचे दोन गायक समोरासमोर ऐकण्याची दुर्मीळ सोय झाली. वाद्ये बरीचशी तीच असल्याने, गायक बदलल्याने नेमके काय बदलते ते येथे कानाला कळते; पक्षांच्या भांडणात या पुराव्याचा उपयोग मात्र कमीच होतो.

मार्टिन यांच्या ‘हेडलेस क्रॉस’ (१९८९) आणि ‘टीर’ (१९९०) या अल्बमांना कोझी पॉवेल यांच्या ड्रमची साथ आहे. डिओ १९९२ मध्ये ‘डीह्यूमनायझर’पुरते परतले. नंतर मार्टिन यांचेच ‘क्रॉस पर्पजेस’ (१९९४) व ‘फॉरबिडन’ (१९९५). शेवटच्या अल्बमाची निर्मिती ‘बॉडी काउंट’ या बँडचे गिटारवादक अर्नी सी यांची असून त्याचा बचाव मार्टिनपक्षही जपूनच करतो. हा पक्ष लहान राहिला त्याला आवडीनिवडीपेक्षा व्यवहारी कारण असावे. १९८९ ते १९९५ चे हे चार अल्बम दीर्घकाळ बाजारात सहज मिळत नव्हते. २०२४ मध्ये संच निघाला, ‘फॉरबिडन’चे मिश्रण आयोमींनी नव्याने केले, आणि अनेकांनी ते प्रथमच नीट ऐकले.

डिओ ऑझींची गाणी गात, मार्टिन दोघांचीही. १९९७ च्या पुनर्मीलनानंतर मंचावर केवळ ऑझीकाळ उरला. उलट डिओ, आयोमी, बटलर व ड्रमवादक व्हिनी अपिस २००६ मध्ये एकत्र आले तेव्हा त्यांनी ‘हेवन अँड हेल’ हे नाव घेतले आणि डिओकाळच वाजवला. डिओ २०१० मध्ये वारले. ऑझींसह केलेला ‘१३’ (२०१३) ब्रिटन व अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात वॉर्ड नव्हते. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघे वाजवून गेले. २२ जुलैला ऑझींचे निधन झाले.

थोडा काळ गायक असलेले डेव्ह वॉकर (१९७७–७८) यांच्या आवाजात अल्बम नाही. ‘जूडास प्रीस्ट’ या बँडचे गायक म्हणून परिचित रॉब हॅलफर्ड यांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे डिओंच्या जागी दोन रात्री गायन केले. ही नावे वादात सहसा येत नाहीत.