हॅलोवीनचे घरगुती पोशाख

३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणासाठी घरातलेच कपडे, चादरी, पुठ्ठे वापरून सजवलेली सोंगे. अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटन येथे या संध्याकाळी मुले वेश पालटून शेजारपाजारच्या घरी जातात आणि पिशवीभर खाऊ गोळा करून आणतात. दुकानांत तयार पोशाखांचा ढीग लागत असला, तरी घरच्या घरी सोंग सजवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. तयार पोशाखांचे वय जेमतेम शंभर वर्षे.

प्रथा मूळची आयर्लंड-स्कॉटलंडकडची. तेथे निदान सोळाव्या शतकापासून लोक या सणाला सोंगे घेऊन घरोघर फिरत, एखादे गाणे किंवा कवन म्हणत आणि त्याबद्दल खायला काहीतरी मिळवत. त्यासाठी वेगळे कपडे कोण शिवणार? अडगळीतला कोट उलटा करून घालायचा, मुलाने बहिणीचा झगा चढवायचा, शेकोटीतली राख तोंडाला फासायची, एवढ्यावर काम भागे. पोलीस किंवा पोस्टमन होऊन दारात उभा राहणारा आणि बोलण्यावर बिदागी मिळवणारा आपल्याकडचा बहुरूपी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रकार परका वाटू नये. स्थलांतरितांबरोबर ही रीत अटलांटिक ओलांडून गेली. कॅनडातील किंग्स्टन येथे मुले अशी घरोघर फिरल्याची १९११ सालची नोंद मिळते.

घरगुती पोशाखाला बाजाराचे पहिले वळण लागले ते कागदामुळे. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन या कागदी वस्तूंच्या कंपनीने १९०९ पासून हॅलोवीनसाठी पुस्तिका काढायला सुरुवात केली. कंपनीचा क्रेप कागद (सुरकुत्यांचा पातळ रंगीत कागद) वापरून सजावट आणि पोशाख घरीच कसे करायचे, हे त्यांत सांगितलेले असे. हे कागदी पोशाख दिसायला झोकदार, पण पावसात विरघळणारे आणि मेणबत्तीजवळ धोक्याचे. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रुकलिनच्या बेन कूपर कंपनीसारख्या उत्पादकांनी खोक्यात घातलेले तयार पोशाख विकायला काढले: एक मुखवटा आणि वरून घालायचा झगा. त्या झग्याच्या छातीवर बहुतेक वेळा त्याच पात्राचे चित्र आणि नाव छापलेले असे. स्वतःचेच चित्र छातीवर मिरवणारा नायक ही तशी गमतीदारच गोष्ट, पण मुलांना ते खोके हवेहवेसे वाटे आणि आयांचे शिवणकाम वाचे. तरी घरगुती सोंगे कधीच मागे पडली नाहीत.

ती टिकण्याचे कारण स्वस्ताई हे आहेच, पण तेवढेच नाही. घरगुती पोशाख हुबेहूब नक्कल करत नाही. एखादी ओळखीची खूण पकडतो आणि उरलेले काम बघणाऱ्यावर सोडतो. साधा चौकड्यांचा शर्ट आणि जुनी जीन्स घातलेला मुलगा म्हणजे रोजचाच मुलगा. त्याच्या बाह्यांच्या टोकांतून आणि कॉलरमधून गवताच्या काड्या बाहेर काढल्या की तो बुजगावणे होतो. काळा टी-शर्ट, काळ्या लेगिंग्ज, हेअरबँडला लावलेले दोन पुठ्ठ्याचे कान आणि काजळाच्या पेन्सिलीने गालावर ओढलेल्या मिशा, एवढ्यात मांजर तयार. जुन्या लांब पायमोज्यात कापूस भरून शेपूट होते. आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, डोक्याला रुमाल आणि एका डोळ्यावर काळी पट्टी असली की समुद्री चाचा. मोठ्यांमध्ये १९४३ च्या अमेरिकी युद्धकालीन पोस्टरमधली कामगार स्त्री लोकप्रिय आहे. निळा शर्ट, गुंडाळलेल्या बाह्या आणि डोक्याला लाल ठिपकेदार रुमाल बांधून दंड दाखवला की पुढे काही सांगावे लागत नाही. आळशी माणसांसाठीही सोय आहे: अंगातल्या कपड्यांवर जागोजागी पायमोजे आणि हातरुमाल पिनांनी टाचायचे आणि आपण आत्ताच कपडे वाळवायच्या ड्रायरमधून निघालो आहोत, असे सांगायचे.

चादरीचे भूत हे यातले सर्वांत साधे सोंग मानले जाते. युरोपात मृताला पांढऱ्या कफनात गुंडाळून पुरत, त्यावरून भुताची ही प्रतिमा आली. प्रत्यक्षात ते वाटते तितके सोपे नाही. गादीवर घट्ट बसणारी इलॅस्टिकची चादर इथे उपयोगाची नाही. ती खालून गोळा होते आणि भुताऐवजी फुगलेली पिशवी दिसते. साधी चादर डोक्यावर टाकून डोळ्यांची जागा आधी खडूने खुणावायची, चादर उतरवून मगच कात्री लावायची. तरीही चालताना भोके सरकतातच. म्हणून अनुभवी आया आत टोपी घालतात आणि चादर तिला चार टाके घालून पक्की करतात.

ममीला, म्हणजे पट्ट्यांत गुंडाळलेल्या प्राचीन इजिप्तच्या प्रेताच्या सोंगाला, मेहनत जास्त, पण फळही तसेच. जुन्या सुती चादरीच्या दोन-तीन इंची पट्ट्या कात्रीने न कापता हाताने टराटरा फाडायच्या. मग कडेचे दोरे लोंबतात आणि कापड जुनाट दिसते. कडक चहाच्या पाण्यात पट्ट्या भिजवल्या की त्यांना मळकट तपकिरी रंग येतो. चहा सुती कापडावर चांगला चढतो, पॉलिस्टरवर जवळजवळ नाहीच. पट्ट्या नुसत्या अंगाभोवती गुंडाळल्या तर चार घरे होईपर्यंत गुडघ्याखाली उतरतात. म्हणून त्या जुन्या पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टला आणि पायजम्याला धावदोऱ्याने शिवतात. वरचा आणि खालचा भाग वेगळा ठेवणे महत्त्वाचे, नाहीतर ममीला बाथरूमला जायची वेळ आली की सगळे सोडवत बसावे लागते. टॉयलेट पेपर गुंडाळून केलेली ममी घरातल्या पार्टीपुरती ठीक. बाहेर रिमझिम सुरू झाली की लगदा.

आपल्याकडे शाळेच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेत मावळा किंवा भाजीवाली झालेले मूल रंगमंचावर दोन वाक्ये बोलून खाली उतरते. हॅलोवीनचे मूल अंधारात, थंडीत, पायऱ्या चढत-उतरत तासन्‌तास फिरते, आणि पोशाखाची खरी कसोटी तिथे लागते. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात जाड जॅकेट आत मावेल इतके सोंग ढगळ ठेवावे लागते, नाहीतर कष्टाने केलेल्या राजकन्येवर शेवटी कोट चढतो. झग्याची लांबी घोट्याच्या वर हवी, गडद कपड्यांवर परावर्तक पट्टी हवी. मुखवट्याने नजर अडते, म्हणून चेहरा रंगवणे बरे.

आगीचा धोका मात्र खरोखर गंभीर आहे, कारण हॅलोवीनला उंबऱ्यावर ठेवलेल्या कोरीव भोपळ्यांत काही ठिकाणी अजूनही मेणबत्त्या लावतात. मलमलीसारखे विरळ सुती कापड झटकन पेटते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, घट्ट विणीची लोकर सहसा पेट घेत नाही. घरगुती म्हणजे आपोआप सुरक्षित, असे नाही.

अलीकडे या पोशाखांना पर्यावरणाचीही जोड मिळाली आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमधील दोन संस्थांनी दुकानांतले हॅलोवीन पोशाख तपासले, तेव्हा त्यांतील ८३ टक्के साहित्य खनिज तेलापासून बनलेले प्लॅस्टिक निघाले. अमेरिकेत गुडविलसारखी जुन्या वस्तूंची दुकाने ऑक्टोबरमध्ये सोंगांच्या गिऱ्हाइकांकडे खास लक्ष देतात.

कपाटातले काहीही चालते, याला एक मर्यादा आहे. दुसऱ्या समाजाचा पोशाख सोंग म्हणून घालण्याविरुद्ध अमेरिकेच्या ओहायो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये पोस्टरची मोहीम काढली आणि ती देशभर गाजली. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. नऊवारी किंवा फेटा तर कपाटात तयारच असतो, पण दिवाळीला हौसेने घालायचा कपडा त्याच सुमारास सोंग म्हणून घालावा का, यावर घरोघरी मते वेगळी. दिवाळी आणि हॅलोवीन एकाच आठवड्यात आले की ही चर्चा हमखास रंगते.